नव्या माशाचा डोळा बिघडलाय? औषध ओतण्याआधी या चुका टाळा

दुकानातून आणलेल्या गोल्डफिशच्या किंवा एंजलच्या डोळ्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढुरकी साय दिसली की बरेचजण मोठ्या टाकीत थेट मेथिलीन ब्लू ओततात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू या औषधाने मरतात, अमोनिया चढतो, आणि नव्या माशाच्या डोळ्याला बहुतेक वेळा त्यानेच इजा झालेली असते.

आधी डोळा नीट बघा. टाकीचा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. धूसरपणा डोळ्याच्या पृष्ठभागावर असेल तर खरचटणं, खराब पाणी किंवा त्यावर बसलेला जंतुसंसर्ग असू शकतो. बाहुलीच्या आत, भिंगातच पांढरा ठिपका दिसला तर तो मोतिबिंदू. तळ्यात वाढलेल्या माशांत तो डोळ्यातल्या कृमींमुळेही होतो. या कृमींना पुढे वाढायला गोगलगाय आणि मासे खाणारा पक्षी दोन्ही लागतात, त्यामुळे घरच्या टाकीत ते पसरत नाहीत. पांढरं झालेलं भिंग औषधाने पुन्हा स्वच्छ होत नाही, तेव्हा अशा माशाला उगाच औषधं देऊ नका.

डोळा बाहेर आला असेल तर एकच की दोन्ही, हे पाहा. एकच असेल तर जाळीचा किंवा दगडाचा मार लागल्याची शक्यता जास्त. दोन्ही असतील तर पाणी खराब आहे किंवा आजार शरीराच्या आत आहे.

मासा वेगळा ठेवायला २० लिटरची टाकी पुरते. तळाला वाळू नको. स्पंज फिल्टर मात्र जुन्या टाकीत मुरलेला हवा, कारण कोऱ्या स्पंजात जिवाणूच नसतात. टेस्ट किटवर अमोनिया शून्य यायला हवा. तो येईपर्यंत रोज २५ टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन टाका आणि तापमान जुळवून घ्या. वरवरची साय पुष्कळदा एवढ्यानेच काही दिवसांत विरते.

सुजेसाठी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरा: २० लिटरला सपाट १ चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून. ते सुजेतलं पाणी ओढून घेतं, जंतू मारत नाही. खायचं मीठ हा वेगळा पदार्थ आहे, त्याच्याऐवजी चालत नाही. पाणी बदलताना पुन्हा पूर्ण डोस टाकणं ही नेहमीची गफलत. ५ लिटर बदललं तर पाव चमचाच टाकायचा. बाष्पीभवनाने उडालेलं पाणी भरताना तर काहीच टाकायचं नाही, कारण एप्सम सॉल्ट पाण्यासोबत उडत नाही.

डोस टाकीच्या छापील आकारावर काढू नका. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी कागदावर ५४ लिटरची असते. दगड-वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी जेमतेम ४५ लिटर उरतं. औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून टाकणं तर पूर्ण थांबवा. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला ते औषध चिकटतं आणि निकामी होतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियमच, तेव्हा दोन्ही एकत्र टाकणारा स्वतःच औषध मारतो. प्रतिजैविक लागलंच तर ते पशुवैद्यकाने ठरवावं. फुगलेला डोळा सुईने टोचायचा तर विचारही करू नका.

बरीच इजा पिशवीतच झालेली असते. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून आपल्या दुकानांत येणारा मासा कित्येक तास बंद पिशवीत असतो. आत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जाळू लागतो. म्हणून लांबून आलेल्या माशाची पिशवी न उघडता १५ मिनिटं तरंगत ठेवा. उघडल्यावर थेंबथेंब पाणी घालत बसू नका, मासा लगेच टाकीत घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. टेलिस्कोप, म्हणजे जन्मतः बाहेर आलेल्या डोळ्यांच्या जातीच्या गोल्डफिशला जाळी लावू नका, वाडग्याने उचला.

सूज उतरायला काही आठवडे लागू शकतात. डोळा गेला तरी जखम भरते आणि मासा एका डोळ्यावर चांगला जगतो, फक्त खाणं त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला टाका. दोन्ही डोळे बाहेर, पोट खपाटीला आणि अंगावर न भरणाऱ्या जखमा असं एकत्र दिसलं तर माशांच्या क्षयाची शंका घ्या. या क्षयाचा जंतू माणसाच्या कातडीलाही लागतो. हाताला चीर असेल तर हातमोज्याशिवाय त्या पाण्यात हात घालू नका, आणि त्या टाकीची जाळी-पाइप दुसऱ्या टाकीत वापरू नका.