सायकलचा टायर रिमवर चढत नसेल तर

नवा टायर बसवताना तीन चतुर्थांश घेर सहज आत जातो आणि शेवटची वीतभर कड मात्र रिमच्या भिंतीवर ताणून राहते. अंगठे दुखू लागतात, लिव्हर, म्हणजे टायर चढवायची चपटी पट्टी, वाकते, टायर जागचा हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण जोर वाढवतात. माझे कळकळीचे सांगणे आहे, की नेमके तिथेच थांबावे, टायर पुन्हा पूर्ण बाहेर काढावा आणि दोन गोष्टी शांतपणे तपासाव्यात. टायर आणि रिम खरोखर एकाच मापाचे आहेत का, हे आधी पाहावे. आणि ते असतील, तर टायरची कड रिमच्या मधल्या चरात उतरते आहे का, हे पाहावे. घरच्या आणि शेजाऱ्यांच्या सायकलींवर मी आजवर जेवढे अडलेले टायर पाहिले, त्यांतले बहुतेक या दोहोंपैकी एका कारणाने अडलेले होते.

जोर का उपयोगी पडत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. टायरचे रबर ताणले जाते, पण त्याच्या दोन्ही कडांच्या आत पोलादी तारेचे एकेक कडे असते, आणि ते ताणले जात नाही. घडी घालता येणाऱ्या महागड्या टायरमध्ये तारेऐवजी मजबूत कृत्रिम धागा असतो. तोही ताणत नाही. हवा भरल्यावर टायर रिमवरून उडून जाऊ नये, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तेव्हा कडीला ताणून मोठे करण्याचा विचार सोडूनच द्यावा. तिला जागा करून द्यावी लागते.

मापाचा घोळ

माझ्या मामांकडे दांड्याच्या ब्रेकची जुनी काळी सायकल आहे. तिचा मागचा टायर इतका झिजला होता, की दोन ठिकाणी आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, मारूनही ट्यूब बाहेर डोकावत होती. मामांनी तालुक्याच्या गावातून "अठ्ठावीसचा टायर" मागून आणला आणि अर्धा दिवस त्याच्याशी झुंजले. मी पोहोचलो तेव्हा अंगणात दोन वाकलेले चमचे पडले होते आणि ट्यूबला तीन ठिकाणी चिमटे बसून भोके पडली होती.

जुना टायर धुऊन दोन्ही टायर शेजारी ठेवले. जुन्यावर "२८ × १-१/२" असे होते. नव्यावर "२८ × १-५/८ × १-३/८" आणि त्याखाली "७०० × ३५ सी" असे होते. मामा म्हणाले, "अरे, दोन्हीवर अठ्ठावीसच लिहिलंय की! मग चढत का नाही?" मी त्यांना म्हटले, "मामा, तो मोठा आकडा सोडा, त्याच्या शेजारचा हा बारीक आकडा वाचा." जुन्यावर बारीक अक्षरांत "४०-६३५" होते आणि नव्यावर "३७-६२२".

टायरच्या खरेदीत विश्वास ठेवावा असा आकडा हाच आहे. त्याला ईटीआरटीओ (टायर आणि रिमची मापे ठरवणारी युरोपातील संघटना) किंवा आयएसओ ५७७५ पद्धतीचे माप म्हणतात. आडव्या रेघेच्या आधीचा आकडा म्हणजे टायरची रुंदी, आणि नंतरचा तीन आकडी आकडा म्हणजे टायरची कड रिमवर जिथे टेकते त्या बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६३५ आणि ६२२ यांत फरक १३ मिलिमीटरचा दिसतो, पण घेरात तो जवळजवळ ४१ मिलिमीटर, म्हणजे चार सेंटीमीटर होतो. चार सेंटीमीटर तोकडे असलेले तारेचे कडे कोणत्याही लिव्हरने चढणार नाही.

मग दोन्हींवर २८ का? कारण इंचांतला तो जुना आकडा रिमचा नाही, हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आहे, आणि तोही ढोबळ. ६३५ मिलिमीटरच्या बैठकीवर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाचा टायर चढवला की व्यास ७११ मिलिमीटर, म्हणजे बरोबर २८ इंच होतो. २६ इंचांच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. ५९० च्या रिमवर १-३/८ इंची टायर, ५८४ च्या रिमवर १-१/२ इंची टायर आणि ५५९ च्या रिमवर २ इंची टायर असे तिन्ही चढवून पाहिले, तर तिन्हींचा बाहेरचा व्यास सुमारे ६६० मिलिमीटर, म्हणजे २६ इंचच भरतो. तिघांनाही "सव्वीसचा टायर" म्हणतात, आणि यांतला एकही दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

अपूर्णांक आणि दशांश यांची अदलाबदलही करू नये. शाळेतल्या गणितात १-३/४ आणि १.७५ एकच असले, तरी "२६ × १.७५" हा टायर ५५९ च्या बैठकीचा असतो आणि "२६ × १-३/४" हा ५७१ च्या. लहान मुलांच्या आणि घडीच्या सायकलींतही "२० × १.७५" म्हणजे ४०६, तर "२० × १-३/८" म्हणजे ४५१. गिअरच्या सायकलींवर येणारे २७.५ म्हणजे ५८४ आणि २९ म्हणजे ६२२. ७०० सी देखील ६२२ च. आपल्याकडे आणखी एक गोंधळ नेहमी होतो: "बावीस इंची" किंवा "चोवीस इंची सायकल" असे म्हणताना जुने लोक सायकलच्या फ्रेमची उंची सांगत असतात, चाकाचे माप नव्हे. त्या दोन्ही सायकलींना टायर बहुधा २८ × १-१/२ हाच लागतो.

उलट चूक मात्र अधिक घातक आहे. ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर हाताने टपकन बसतो, आणि माणसाला वाटते की काम झाले. हवा भरताना तो रिमवरून निसटतो आणि ट्यूब फुटते. भरताना निसटला नाही, तर उतारावर निसटतो. टायर अवघड जात असेल तर माप पाहायचे आणि संशय येण्याइतका सैल जात असेल तरीही माप पाहायचे.

जुना टायर हाताशी नसेल आणि रिमवरचा शिक्का गंजून गेला असेल, तर रिम मोजावी लागते. रिमचा बाहेरचा व्यास मोजून तोच बैठकीचा धरण्याची चूक अनेक जण करतात. ६२२ च्या रिमचा बाहेरचा व्यास साधारण ६३४ च्या आसपास येतो, म्हणजे घाईत मोजणारा तिला ६३५ ची समजून बसेल. बाहेरच्या व्यासातून रिमच्या भिंतीची खोली दोनदा वजा करावी. ती बहुधा सहा मिलिमीटरच्या आगेमागे असते. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे टायर, ट्यूब आणि आऱ्यांची टोके झाकणारी रिमची पट्टी काढून भिंतीच्या आत, कड जिथे टेकते त्या बैठकीवरून न ताणणारा बारीक दोरा एक फेरी गुंडाळावा, खूण करावी आणि दोरा सरळ पसरून मोजावा. घेर १९९५ मिलिमीटरच्या जवळ आला तर रिम ६३५ ची, १९५४ च्या जवळ आला तर ६२२ ची, १८५३ ला ५९० ची, १८३५ ला ५८४ ची आणि १७५६ ला ५५९ ची. दोरा पाच मिलिमीटर चुकला तरी व्यासात दीड मिलिमीटरचाच फरक पडतो, त्यामुळे निर्णय चुकत नाही. पुढचे आणि मागचे चाक मात्र वेगवेगळे मोजावे, कारण जुन्या सायकलची एखादी रिम कधीतरी बदललेली असू शकते.

मधला चर

माप जुळत असूनही टायर चढत नसेल, तर रिमच्या आत पाहावे. रिमचा आडवा छेद घेतला तर दोन्ही भिंतींच्या लगत बैठकीची अरुंद जागा दिसते आणि मध्ये त्याहून खोल चर दिसतो. सगळी युक्ती या चरात आहे. टायरची कड जिथे जिथे या चरात उतरते, तिथे तिला कमी घेर पुरतो, आणि वाचलेला घेर अडलेल्या बाजूला सैल होऊन मिळतो. चर बैठकीपेक्षा ३ मिलिमीटर खोल असेल, तर पूर्ण घेरात सुमारे १९ मिलिमीटरचा सैलपणा त्यात साठलेला असतो. शेवटची वीतभर कड भिंतीवरून पलीकडे टाकायला त्यातला थोडासा भागही पुरतो.

म्हणूनच या चरात काय भरले आहे, हे फार महत्त्वाचे आहे. जुन्या पोलादी रिममध्ये गंजाचे पापुद्रे आणि वितळून चिकटलेले रबर साचते. ते तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने खरवडून काढावे. आऱ्यांच्या टोकांवर घातलेली पट्टी दुहेरी आहे का, तेही पाहावे. आधीच्या कारागिराने जुनी पट्टी न काढता वरून नवी घातलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. एक मिलिमीटर जाडीचा प्रत्येक थर घेरातले सहा मिलिमीटर खातो, म्हणजे दोन जाड थरांनी वर हिशेब केलेल्या १९ पैकी १२ मिलिमीटर संपतात. पट्टी एकच, पातळ, आणि चराच्या रुंदीत बसणारी असावी. बैठकीवर चढणारी नसावी. ट्यूबलेस टायरसाठी बनवलेल्या नव्या रिममध्ये बैठक मुळातच घट्ट ठेवलेली असते, तिथे कापडी जाड पट्टी घातली तर टायर चढणे जवळजवळ अशक्य होते. रिमची भिंत खड्ड्यात आपटून कुठे आत वळली आहे का आणि चाकाला मोठी आउट आहे का, म्हणजे ते फिरताना डगमगते का, हेही हात फिरवून पाहून घ्यावे.

बसवण्याची रीत

ट्यूबमध्ये तिचा गोल आकार येण्यापुरतीच हवा भरावी, ट्यूबवर शंखजिऱ्याची पावडर चोळावी, आणि टायरची एक कड पूर्ण रिमवर चढवून मग ट्यूब आत बसवावी. व्हॉल्व्हची चकती, म्हणजे रिमवर आवळायची ती गोल नट, या वेळी आवळू नये. दुसरी कड चढवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने करावी आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. पुष्कळ जण याच्या उलट करतात आणि तिथेच फसतात. व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूबचे रबर जाड असते, त्यामुळे तिथे कड चरात उतरू शकत नाही. तो भाग आधी बसवला तर तिथला सैलपणा कायमचा अडकून राहतो.

चाक उभे धरून व्हॉल्व्ह जमिनीकडे ठेवावा. वरच्या टोकापासून दोन्ही तळहात टायरच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवत न्यावेत आणि प्रत्येक वीतभर अंतरावर कड चिमटीत धरून चराच्या मध्यावर ढकलावी. ही क्रिया दोन-तीन वेळा केली की सैलपणा हळूहळू खाली येऊन जमताना हाताला स्पष्ट जाणवतो. बसलेली कड मागून पुन्हा बाहेर येत असेल, तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने टायर आणि रिम दोन ठिकाणी एकत्र बांधून टाकावेत. एकट्याने काम करताना ही पट्टी दुसऱ्या माणसाचे काम करते. राहिलेल्या कडीला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये, कारण त्याने रबर खराब होते. मग चाक मांडीवर घेऊन अंगठ्यांऐवजी तळहाताच्या टाचेने कड भिंतीवरून पलीकडे लोटावी. थंडीच्या सकाळी टायर ताठ असेल, तर तो आधी अर्धा तास उन्हात ठेवल्याने बराच फरक पडतो.

लिव्हर लागलीच तर शेवटच्या चार बोटांसाठी, प्लास्टिकची, आणि तिचे टोक ट्यूबला लागत नाही हे पाहून वापरावी. स्क्रू ड्रायव्हर आणि चमचा वापरू नये. मामांच्या ट्यूबची भोके चमच्यांनीच पाडली होती.

कड आत गेल्यावर व्हॉल्व्ह बोटाने एकदा वर, टायरच्या आत ढकलून परत ओढावा, म्हणजे त्याच्या मुळाशी कडीखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते. दोन्ही बाजूंनी टायर दाबून पूर्ण घेरात ट्यूब कुठे डोकावत नाही ना, ते पाहावे. मग थोडी हवा भरून चाक फिरवावे. टायरच्या बाजूवर, रिमला लागून, साच्यातून आलेली एक बारीक रेषा असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती रिममध्ये बुडाली असेल, तर हवा सोडून तिथे साबणाचे पाणी लावावे, टायर दोन्ही हातांनी बाहेर ओढावा आणि पुन्हा हवा भरावी. उलट एका जागी टायर बाहेर फुगत असेल, तर ताबडतोब हवा सोडावी, कारण तिथली कड भिंत सोडून निघाली आहे. हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीही नेऊ नये.

चाक सायकलला लावल्यावर टायर मडगार्डला किंवा चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्यांना, घासत नाही, एवढे पाहून घ्यावे. मामांच्या सायकलला दुसऱ्या दिवशी ४०-६३५ चा टायर आणला. तो लिव्हर न लावता दहा मिनिटांत बसला, आणि मामांनी तो बारीक आकडा सीटखालच्या नळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवला.