बागेतल्या जुन्या घराचं काय करायचं? ठरवण्याआधी या चुका टाळा

सार्वजनिक बागेतलं एखादं ऐतिहासिक घर दुरुस्तीला निघालं, की "इथे काय करायचं?" या प्रश्नावर वाद सुरू होतो. कुणाला संग्रहालय हवं असतं, कुणाला वाचनालय, कुणाला समारंभासाठी हॉल. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. या घराला काय झेपेल, हे आधी बघायला हवं. राहण्यासाठी बांधलेलं घर चार पाहुणे सहज सामावून घेतं. शंभर माणसं एकाच वेळी उभी राहतील, हे बांधणाऱ्याच्या मनातही नसतं.

आजच्या मानकांत राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. सभेच्या जागेसाठी तोच आकडा ५०० किलोच्या आसपास जातो, आणि पुस्तकांची दाटीने लावलेली कपाटं असतील तर ६०० किलो किंवा त्याहून जास्त. म्हणून "वाचनालय करू, त्याने घराला काय होणार?" असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर मी उभा होतो. शेजारच्या खोलीत एक मूल धावलं आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. बरोबरच्या अभियंत्याने कोपऱ्यातली फळी उचलली, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं, तर लाकडाचा भुसा हातात आला. तुळया बहुधा तिथेच कुजतात, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते. वरून रंग मात्र झकास होता. त्यामुळे तुळयांची टोकं तपासल्याशिवाय वापर ठरवू नका. ती सावरता येण्यासारखी असतील, तरी गर्दीचे कार्यक्रम तळमजल्यावर घ्या, आणि वर एका वेळी किती जण जाऊ शकतात तो आकडा जिन्यापाशी लावा.

एकदा ठरलेला वापर कायमचा, असं मानणं ही पुढची चूक. न्यूयॉर्कमधल्या ग्रेसी मॅन्शनकडे बघा. १७९९ मध्ये बांधलेलं हे लाकडी घर १८९६ मध्ये शहराच्या ताब्यात आलं आणि पुढे बागेचा भाग झालं. तिथे सार्वजनिक स्वच्छतागृह होतं, आइस्क्रीमचा स्टॉल होता. मग शहराचं संग्रहालय आलं, ते १९३२ मध्ये दुसरीकडे हललं, आणि १९४२ पासून हे घर महापौरांचं निवासस्थान झालं. समारंभांची गर्दी वाढली तेव्हा मूळ खोल्या पाडून मोठा हॉल केला नाही, तर १९६६ मध्ये शेजारी वेगळा भाग जोडला. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. घराला न पेलणारी गरज घराबाहेर भागवता येते. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही हेच सांगितलंय: वास्तूचा समाजाला उपयोग व्हावा, पण त्यासाठी तिची रचना आणि सजावट बदलू नये.

बाग विसरू नका. खाद्यगृह म्हटलं की धूर, सांडपाणी, सामानाच्या गाड्या आणि रात्रीचा आवाज आलाच. सांडपाण्याच्या नळासाठी खणलेला एक चर जुन्या झाडाचा जीव घेऊ शकतो, कारण झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. आणि रोज फिरायला येणाऱ्या माणसाला तिकीट न काढता या घरातलं काय मिळणार? निदान सावलीतला व्हरांडा, पाणी आणि स्वच्छतागृह मिळायलाच हवं. नाहीतर लोकांच्या बागेतली जागा लोकांकडूनच काढून घेतल्यासारखं होतं.

दानपत्र आणि वारसा यादीतली नोंद आधी वाचा. घर कोणत्या अटीवर मिळालं, हे आराखडे झाल्यावर कळलं तर सगळी मेहनत वाया जाते.

घाईने सिमेंटचा गिलावा केला असेल आणि आता भिंतीला लोणा लागून पोपडे सुटत असतील, तर पुन्हा रंग देऊ नका. चुन्याच्या भिंतीतली ओल सिमेंटमुळे आत कोंडते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: तुंबलेली पन्हळ, फुटलेला नळ, की जोत्यापाशी चढवलेली बागेची माती. मग सिमेंट हलक्या हाताने काढा, भिंत सुकू द्या आणि नंतरच चुन्याचा गिलावा करा. जाड भिंत सुकायला कित्येक महिने लागतात. उद्घाटनाची तारीख पुढे गेली तरी चालेल.

लोकांचं मत घेताना कामाच्या दिवशी दुपारी एक बैठक लावून मोकळं होऊ नका. सकाळी आणि संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून येणाऱ्यांना विचारा. एकमत होत नसेल तर वर्षभर तात्पुरता वापर करून पाहा, भिंतीला खिळाही न ठोकता.

घर चालवायला कुणाला भाड्याने दिलं, तर भाडेकरारात ते लोकांसाठी किती दिवस उघडं राहील हे लिहून घ्या, आणि देखभाल कोण करणार तेही. वाद लांबला तरी घर कुलूपबंद ठेवू नका. बंद घरात पन्हळीत पाला साचतो, पाणी भिंतीत उतरतं आणि वाळवी लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडणारा, पहिल्या पावसाआधी पन्हळ साफ करणारा माणूस आजच नेमा आणि किल्ली त्याच्याकडे द्या.