कामिनीचं झाड हलवताय? या चुका टाळा

जुनं घर पाडायला काढलं की अंगणातल्या झाडांचं काय, हा प्रश्न येतोच. लिंब-आंबा कोणी हलवत नाही. पण कामिनी, तगर, चाफा अशी डोक्याएवढ्या उंचीची झाडं घरच्यांना सोबत न्यायची असतात, आणि न्यावीतच. मला बोलावणं येतं ते मात्र पानं गळायला लागल्यावर. कारणं दरवर्षी तीच. इथे कामिनी धरून लिहितो, कारण सगळ्यात जास्त मरते ती हीच.

खोल खड्डा

आपल्या काळ्या मातीत झाड मारायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. वरुड तालुक्यातल्या एका गावात एका काकाजींनी आईच्या हातची कामिनी नव्या घरी नेली. मृगाचा पाऊस पडून गेला होता, पायव्यासाठी जेसीबी दारात होताच, त्याच्याकडूनच चार फूट खड्डा करून घेतला. तळाला शेणखत, त्यावर मळ्याची भुसभुशीत माती, वर झाड. ओल्या चिकण मातीत बकेट फिरली की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्यांतून पाणी झिरपत नाही आणि कोवळं मूळही घुसत नाही. पाऊस लागला तसं आजूबाजूचं पाणी त्या मोकळ्या मातीत उतरून साचलं. भरण खचत गेली आणि तिच्यासोबत झाडही. पानं पिवळी पडली तेव्हा घरच्यांना वाटलं तहानलंय, म्हणून वरून पाइप सोडला.

पोळ्याच्या सुमारास मी गेलो तेव्हा खोड वीतभर मातीत गाडलेलं होतं. कडेला उकरलं तर कुजका वास आला, बुंध्याची साल बोटाने दबत होती. काकाजींची स्वतःची संत्र्याची बाग आहे. मी विचारलं, "काकाजी, संत्र्याची कलम तुम्ही अशी गाडता का?" ते म्हणाले, "संत्र्याले कोन करते बाप्पा असं! डिंक्या नाही का येनार?" डिंक्या म्हणजे बुंध्याची साल कुजून डिंक गळणारा रोग.

मला राग येतो तो याचाच. कामिनी संत्र्याच्याच कुळातली आहे. वरुड-काटोलकडचा बागाईतदार संत्र्याचा डोळा (कलमाचा सांधा) मातीला लागू देत नाही, बुंध्याशी पाणी थांबू देत नाही, पावसाळ्याआधी बुरशी येऊ नये म्हणून बोर्डो पेस्ट लावतो. हेच ज्ञान अंगणातल्या झाडापाशी आलं की तो विसरतो, कारण ते 'शोभेचं' असतं.

आम्ही झाड उचललं, कुजलेली मुळं छाटली, बुंध्याला बोर्डो पेस्ट (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी) लावली आणि मातीच्या उंचवट्यावर बसवलं. एक बाजू वाळली. दुसऱ्या बाजूला दसऱ्यानंतर पालवी आली.

माझी रीत अशी. झाड खणण्याआधी खोडावर मातीच्या पातळीला चुन्याची रेघ मारतो. नव्या जागी ती रेघ जमिनीच्या दोन-तीन बोटं वरच राहिली पाहिजे. हुंडी म्हणजे मुळांसकट उचललेला मातीचा गोळा. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण हुंडीपेक्षा जरा उथळ. तळाची माती हलवायची नाही, म्हणजे झाड खचत नाही. भिंती सब्बलीने ओरखडून खडबडीत करायच्या आणि खणून निघालेली मातीच परत भरायची. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरून ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर तिथे खड्डा करूच नका, फूटभर उंच ओटा करून त्यावर लावा. मुरमाड जागेत इतकी काळजी लागत नाही.

आज खणलं, आज लावलं

दुसरी चूक घाईची. खोडाच्या जाडीच्या दर इंचामागे दहा-बारा इंच रुंदीची हुंडी लागते. दोन इंच खोड म्हणजे जवळपास दोन फूट रुंद आणि फूटभर खोल गोळा. काळ्या मातीत त्याचं वजन दीड क्विंटलच्या आसपास भरतं. चार गडी लागतात म्हणून लोक फावड्याचे चार घाव घालतात आणि घमेल्याएवढा गोळा काढतात. पाणी शोषणारी बारीक मुळं तर बाहेरच्या घेरात असतात, ती सगळी मागे राहतात. मग नर्सरीतून 'रूटिंग'ची पुडी आणतात. तोडून टाकलेली मुळं त्या पुडीने परत येत नाहीत.

घर पाडायचं एका रात्रीत ठरत नाही, तेव्हा झाडाचाही विचार आधी करा. संक्रांतीच्या सुमारास हुंडीच्या कडेने अर्ध्या गोलात फावड्याच्या रुंदीचा, दीड फूट खोल चर खणायचा. मुळं कात्रीने साफ कापायची आणि चर माती व कुजलेल्या खताने भरायचा. होळीच्या आधी उरलेला अर्धा गोल. उन्हाळाभर पाणी चुकवायचं नाही. कापलेल्या टोकांशी नवीन बारीक मुळं फुटतात. जुलैत काढताना चराच्या चार बोटं बाहेरून खणायचं, म्हणजे ती मुळं सोबत येतात. इतकी वाट पाहायची नसेल तर मी सरळ सांगतो, नवीन रोप आणा.

वेळ पुनर्वसु-पुष्याची, पाऊस स्थिरावल्यावर, ढगाळ दिवशी आणि वाफसा असताना. चिखलात हुंडी लोळागोळा होते, कोरड्यात ढेकळासारखी फुटते. पोळ्यानंतर नको. मे महिन्यात तर नाहीच, ४५ अंशांत झाडाने पानं सांभाळावी की मुळं? हुंडी गोणपाटात सुतळीने आवळा आणि उचलताना हात तिच्याखाली घाला, खोडाला धरून ओढू नका.

बाकीच्या

कच्चं शेणखत घातलं की उधई (वाळवी) आलीच. पूर्ण कुजलेलंच वापरा, तेही वरून.

युरिया पहिलं वर्षभर विसरा.

आधाराची काठी तारेने बांधू नका, साल कापते. जुन्या लुगड्याची पट्टी सैल बांधा आणि वर्षाने सोडा.

रोज तांब्याभर पाणी घालून मुळं वरच राहतात. आळं हुंडीच्या कडेला करा, भरपूर पाणी द्या आणि बोटभर खालची माती सुकली की मगच पुन्हा. सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरा, पण खोडापासून वीतभर लांब.

चाफ्याचं उलटं आहे. तो पानं गळलेला असताना हलवा, मुळांच्या जखमा सावलीत वाळू द्या, पाणी जपून घाला.

कामिनी संत्र्याच्या बागेला खेटून लावू नका. सिट्रस सायला ही कीड तिच्यावर पोसते आणि तीच संत्र्यात ग्रीनिंग रोग पसरवते.

आणि पानं गळली म्हणून लगेच उपटू नका. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर छाटणी, खत, औषध काही न करता दिवाळीपर्यंत थांबा. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली, बुंध्याकडे खरवडून पाहा. कामिनी खालून फुटते.