मॅडम, तेवढा एच-इंडेक्स काढून द्या ना

जून उजाडला की माझ्या टेबलापुढे रांग लागते. कुणाला बढतीचा अर्ज भरायचा असतो, कुणाला नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाईलसाठी विभागाचे आकडे हवे असतात, आणि मागणी सगळ्यांची एकच: "मॅडम, तेवढा एच-इंडेक्स काढून द्या ना." एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचे पेपर किती आणि त्यांचा संदर्भ इतर पेपरांत किती वेळा दिला गेला, यावरून काढलेला आकडा. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. आकडा काढायला दोन मिनिटं लागतात. तो त्याच माणसाचा आहे का आणि कशाशी ताडून बघायचा, यात दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांत मी काय करते ते लिहिते.

आधी नाव. आपल्याकडे सगळा घोळ इथेच असतो. "एस. पाटील" म्हणून शोधलंत तर निम्मा महाराष्ट्र हजर होतो. बायकांचं तर विचारूच नका. आमच्या एका मॅडमचे पीएचडीच्या काळातले पेपर "जोशी एस. व्ही." नावाने, लग्नानंतरचे "कुलकर्णी एस. ए." नावाने. आडनाव बदललं हे सगळ्यांच्या लक्षात येतं, पण मधलं अक्षर वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, हे संगणकाला कोण सांगणार? त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका.

उलटा घोळही होतो, आणि तो मी स्वतः घातला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सरांची यादी मी शोधपेटीतून जशी आली तशी छापून दिली. एकसष्ट पेपर! सर खूश, मी खूश. मुलाखतीत तज्ज्ञांनी विचारलं, "ज्वारीवर कधी काम केलंत?" सर प्रकाशशास्त्राचे. त्यातले तेवीस पेपर मृदाशास्त्रातल्या त्यांच्या नामबंधूचे निघाले. सर चार महिने लायब्ररीत फिरकले नाहीत.

तेव्हापासून नियम केला. यादी आधी माणसाकडून घ्यायची, मग संगणकाकडे जायचं. प्रत्येक पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, एक्सेलमध्ये टाकायचा आणि एकेक ओळ ताडून बघायची. हे काम मी ठाणे-वाशी लोकलमध्ये उरकते. नौपाड्यातून निघून बसायला जागा मिळाली, तर ऐरोली ते तुर्भे पंधरा पेपर होतात. ज्यांनी अजून ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढलेलं नाही त्यांना तिथेच बसवून काढायला लावते. सोळा अंकी क्रमांक, फुकट मिळतो, २०१२पासून सुरू आहे, आडनाव बदललं तरी तोच राहतो. स्कोपस या संशोधन-लेखांच्या सूचीवर एकाच माणसाची दोन-तीन प्रोफाइलं झालेली असतील, तर ती जोडायची विनंती ऑनलाइन करता येते. गुगल स्कॉलरवर मात्र सेटिंगमध्ये जाऊन पेपर आपोआप जोडणं बंद करा आणि "आधी मला विचारा" हा पर्याय निवडा. नाहीतर ज्वारी परत उगवते.

पुढचा प्रश्न, उद्धरणं, म्हणजे पेपरचा संदर्भ दुसरीकडे किती वेळा दिला गेला ते, कुठून मोजायची? गुगल स्कॉलर सगळंच मोजतं: प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदेतले निबंध. म्हणून तिथला आकडा जवळपास नेहमीच मोठा दिसतो. स्कोपस आणि तशीच दुसरी सूची वेब ऑफ सायन्स निवडक प्रकाशनंच घेतात. स्कोपसची वर्गणी आमच्या कॉलेजला परवडत नाही, पण लेखकाचं प्रोफाइल आणि एच-इंडेक्स तिथे वर्गणीशिवायही दिसतो. २०२२पासून ओपनअॅलेक्स ही सूची आली आहे, तिची माहिती मोफत बघता येते. कुठलाही घ्या, पण एका तुलनेत एकच घ्या, आणि आकड्याशेजारी स्रोत व तारीख लिहा. तारीख नसलेला आकडा मी सही करून देत नाही.

एच-इंडेक्स हाताने काढून बघा एकदा, म्हणजे त्याचा धाक जातो. २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. पेपर उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत पेपरला निदान त्याच्या क्रमांकाइतकी उद्धरणं आहेत, तो क्रमांक म्हणजे एच: ४१, २२, १५, ९, ६, ४, ३, १, ०. पाचव्या पेपरला सहा उद्धरणं आहेत, म्हणजे पाचाला पुरून उरतात. सहाव्याला चारच, तिथे गाडी थांबली. एच पाच. आता पाचव्या पेपरच्या सहा उद्धरणांतली दोन स्वतःचीच आहेत असं समजा. ती वगळली की उरतात चार, आणि एच चारावर येतो. दोनच उद्धरणांचा फरक! आणि पहिल्या पेपरला ४१च्या जागी चारशे दहा उद्धरणं असती तरी एच पाचच राहिला असता. शिवाय काळ सरला म्हणून हा आकडा कमी होत नाही, निवृत्तीनंतरही वाढू शकतो. म्हणून पाच वर्षं झालेल्या मुलीची आणि तीस वर्षं झालेल्या सरांची तुलना यावर करू नये. करणारे करतात.

आता खरा मुद्दा. आमच्याकडे गणिताच्या सरांचा एच सहा आणि जैवतंत्रज्ञानाच्या मॅडमचा सतरा. कुणीतरी दोघांना एकाच रकान्यात बसवलं आणि सर तळाला गेले. गणितात पेपर कमी, संदर्भयादी छोटी, आणि एखाद्या प्रमेयाची आठवण जगाला दहा वर्षांनी होते. जीवशास्त्रात एकेका पेपराखाली साठ-सत्तर संदर्भ सहज असतात. म्हणून प्रत्येक पेपर त्याच्याच भावकीत बघायचा: तेच क्षेत्र, तेच साल, तोच प्रकार. प्रकार विसरू नका, आढावा-लेखाला संशोधन-लेखापेक्षा उद्धरणं जास्त मिळतात. समजा सरांच्या पेपरला नऊ उद्धरणं आहेत आणि त्या वर्षीच्या गणिताच्या पेपरांची जागतिक सरासरी तीन, तर गुणोत्तर तीन. मॅडमच्या पेपरला तीस, सरासरी पंचवीस, तर गुणोत्तर १.२. एक म्हणजे जगाइतकं. ओपनअॅलेक्स हे गुणोत्तर पेपरनिहाय देतं, हाताने काढत बसावं लागत नाही. फक्त आठ-दहाच पेपर असतील तर सरासरीवर जाऊ नका, एखादाच गाजलेला पेपर सगळ्यांना वर ओढतो. त्यापेक्षा किती पेपर आपल्या क्षेत्रातल्या वरच्या दहा टक्क्यांत आहेत ते मोजा. आणि दोन वर्षांपेक्षा नव्या पेपरांबद्दल काहीच बोलू नका.

उद्धरण म्हणजे थोरवी असं ज्यांना वाटतं त्यांना मी लॉरी यांचा १९५१चा पेपर सांगते. प्रथिनं मोजायची पद्धत आहे ती. तीन लाखांहून जास्त उद्धरणं, कारण जो तो ती पद्धत वापरतो. कामाला आलेली वस्तू आहे, क्रांती नव्हे.

सहकार्य मोजताना आधी सहलेखकांची संख्या लिहा, मग पत्ते बघा: एकाच कॉलेजातले, देशातले, परदेशातले. वाटा काढायचा तर पाच लेखकांच्या पेपरचा प्रत्येकाला एक पंचमांश, ही साधी रीत. ती किती ताणायची हे ज्याचं त्याने ठरवावं. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या पेपरला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था! तिथे वाटा काढून हाती काय येणार? क्रमाचंही तसंच. प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्रात शेवटचं नाव सहसा प्रमुखाचं असतं. गणितात नावं वर्णक्रमाने लागतात, तिथे "तुम्ही शेवटी का?" असं सरांना विचारू नये. त्यांचं नाव वाय अक्षरावरून आहे. सहलेखकांचं जाळं चित्रात हवं असेल तर लायडन विद्यापीठाचं व्हॉसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. चित्र सुंदर येतं, पण त्यावरून निर्णय घेऊ नका.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या नावापुढे लावायचा आग्रह झाला तर मी नाही म्हणते. ती मासिकाच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी आहे, त्यातल्या तुमच्या लेखाला शून्यही असू शकतं. संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात नेमकं हेच मांडलं आहे, त्याची प्रत मी ड्रॉवरमध्ये ठेवते.

आणि मराठी विभागाचे सर. बोलीवरचा त्यांचा ग्रंथ घासून घासून फाटला इतका मुलांनी वाचला, पण स्कोपसला तो दिसत नाही. त्यांच्या पानावर मी एच-इंडेक्सचा रकानाच ठेवत नाही. ग्रंथ, आवृत्त्या, परीक्षणं आणि कुठल्या अभ्यासक्रमात लागला, हे लिहिते. शून्य छापण्यापेक्षा रकाना नसलेला बरा.

फाईल सेव्ह करताना नावात तारीख घाला. "फायनल", "फायनल२", "फायनल खरंच" अशा नावांच्या माझ्याकडे सतरा फाईली आहेत, आणि त्यातली ज्वारी असलेली कुठली ते उघडल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.