नव्या वहीचं पहिलं पान मुद्दाम खराब करा

छान जाड कागदाची चित्रवही आणली की पहिलं पान कोरंच राहतं. बिघडलं तर? या एका धास्तीपायी वही महिनोन्महिने कपाटात पडून असते. उपाय सोपा आहे: पहिलं पान आपल्याच हाताने खराब करून टाकायचं.

१. पहिल्या पानावर घरातली सगळी पेनं, पेन्सिली, रंग घासून बघा. वर ओला ब्रश फिरवा. कुठली शाई पसरते, कुठली टिकते ते कळतं आणि हे पान पुढे कायम उपयोगी पडतं.

२. खरं चित्र पुढच्या पानावर थेट पेनाने सुरू करा. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. रेघ चुकली तर शेजारीच दुसरी ओढा.

३. ‘हे काय काढलंय!’ असं मनात आलं, की ते वाक्य समासात जसंच्या तसं लिहा. त्याखाली, हेच चित्र मैत्रिणीने दाखवलं असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असतात, ते लिहा. उदाहरणार्थ, ‘हात आखूड झालाय, पण बसण्याची ढब नेमकी पकडलीस.’ मला ही पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. दुसऱ्याला आपण नेमकं काय सुधारायचं ते सांगतो. स्वतःला मात्र सरसकट नापास करतो.

४. तारीख टाका, पान उलटा.

पान फाडू मात्र नका. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याचं जोडपान, म्हणजे त्याच दुमडलेल्या कागदाचं दुसरं पान, सैल होऊन सुटतं. फारच खुपत असेल तर वर कोरा कागद चिकटवा.