डॅशहंडच्या पाठीचा खर्च कसा धरायचा

डॅशहंड ही आखूड पायांच्या कुत्र्याची जात. हा कुत्रा खातो थोडं, जागाही कमी घेतो. खिसा रिकामा करते ती त्याची पाठ. आखूड पायांशी जोडलेल्या जनुकीय बदलामुळे मणक्यांमधल्या गाद्या तरुणपणीच कडक होतात. त्यातली एखादी फुटली की मज्जारज्जूवर दाब येतो. साधारण चार-पाच डॅशहंडांपैकी एकाला हा त्रास होतो, बहुतेकदा 3 ते 7 वर्षांच्या वयात.

पिल्लू ठरवण्याआधी आईवडिलांच्या पाठीचे एक्स-रे मागा. ते 2 ते 4 वर्षांच्या वयात काढलेले असावेत आणि किती गाद्यांत कॅल्शियम साचलंय ते अहवालात लिहिलेलं असावं. विमा पहिल्याच आठवड्यात उतरवा. तपासणीच्या कागदावर एकदा ‘पाठ दुखते’ अशी नोंद झाली, की तो जुना आजार धरून दावा नाकारला जातो. एमआरआय, फिजिओथेरपी आणि वार्षिक मर्यादा या तिन्ही अटी नीट वाचा.

घरातला खर्च किरकोळ आहे, पण तो टाळू नका. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या. सोफ्यावर चढ-उतार करायला रॅम्प (उतरती फळी) लावा आणि त्याचा उतार 20 अंशांच्या आत ठेवा; म्हणजे 45 सेंटिमीटर उंच सोफ्याला किमान 132 सेंटिमीटर लांबी लागते. बाजारातले घडीचे रॅम्प बरेचदा आखूड असतात, मग कुत्रा अर्ध्यातूनच उडी मारतो. रॅम्पवर रबरी मॅट चिकटवा. खाणं वाटीने न घालता ग्रॅममध्ये मोजा. वजन बेतात असेल तर फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

आणीबाणीचा अंदाज रुग्णालयाकडून आधीच लेखी घ्या: भूल, एमआरआय किंवा सीटी, शस्त्रक्रिया, मुक्काम, फिजिओथेरपी, सगळं वेगवेगळं. विम्यात न बसणारी रक्कम बाजूला ठेवा. कुत्रा चालत असेल, फक्त दुखत असेल, तर औषधं आणि 4 ते 6 आठवडे पिंजऱ्यात विश्रांती एवढ्यावर बरेचदा भागतं. उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नका. स्टेरॉइड आणि सूज उतरवणारी वेदनाशामकं एकत्र गेली तर पोटात अल्सर होऊन नवाच खर्च उभा राहतो.

मागचे पाय लुळे पडले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बोटं जोरात चिमटल्याचंही कळत नसेल, तर शस्त्रक्रिया करूनही चालण्याची शक्यता साधारण निम्मीच उरते. लघवी होत नसेल तर दिवसातून 3-4 वेळा मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं. ते डॉक्टरांकडून शिकून घ्या, नाहीतर संसर्गाचं बिल वेगळं येतं. लुळ्या मागच्या पायांना आधार देणाऱ्या चाकगाडीची घाई नको, सुधारणा व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात.