अवधाण आलं की या चुका टाळा

गेल्या श्रावणात भाचा लंगडतच शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आला. "मामा, जांघंत अवधाण आलंय." अवधाण म्हणजे जखमेमुळे जांघेत किंवा काखेत फुगलेली गाठ. तालमीत कुणीतरी तेल लावून ती गाठ रगडली होती आणि ठणका दुप्पट झाला होता. मी त्याचा पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली, मधोमध चिरलेली. कोल्हापूरचा पाऊस आणि आखाड्याची माती, चिखल्या झाल्या होत्या. मूळ दुखणं तिथं होतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, गाठ चोळणं. रक्तातून पाझरलेल्या द्रवापैकी रोज साधारण ३ लिटर द्रव पेशींच्या फटींत मागे राहतो. हाच द्रव म्हणजे लसीका (लिम्फ). लसीकावाहिन्या तो गोळा करतात आणि वाटेतल्या गाठींतून गाळून गळ्याच्या मुळाशी पुन्हा रक्तात सोडतात. पायातल्या जखमेचे जंतू जांघेतल्या गाठीत अडवले जातात, तिथं पांढऱ्या पेशी वाढतात, म्हणून ती फुगते. म्हणजे ती गाठ आपलं काम करत असते. तिला रगडू नका, चुना लावू नका. जांघेत आली तर बोटांची बेचकी, टाचेच्या भेगा बघा. काखेत आली तर हात. मानेत आली तर दात, घसा, डोकं.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन गप्प बसणं ही दुसरी चूक. जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, थंडीताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाय सुजला की नुसतं बसून राहणंही बरं नाही. लसीकेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं आकुंचन, पोटऱ्यांची हालचाल आणि श्वास तिला वर ढकलतात, झडपा मागे येऊ देत नाहीत. ज्या बाईच्या काखेतल्या गाठी कर्करोगामुळे काढल्यात, तिचा तो हात तर फार जपावा लागतो. भाकरी भाजताना बसलेला चटकासुद्धा तिनं अंगावर काढू नये.

न दुखणारी गाठ साधी, हा समज मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो. कडक, जागची न हलणारी, तीन आठवडे न बसणारी गाठ दाखवाच. मानेतली क्षयाचीही असते, गंडमाळा म्हणतात ती. आणि डाव्या हासळीच्या हाडावर आली तर एक दिवसही थांबू नका. दोन्ही पायांची आणि पोटाची लसीका तिथंच येऊन मिळते, त्यामुळे पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी तिथं दिसते.

भाच्याला डॉक्टरांनी मलम दिलं, बेचकी कोरडी ठेवायला सांगितली. चिखल्या सुकल्या, तशी गाठही बसली.